अम्मीचा रिपोर्ट आणि आमची बदगुमानी

आमच्या अम्मीला मधुमेह होऊन सहा वर्षे झाली. वय अठ्ठेचाळीस. घरी ग्लुकोमीटर आहे आणि आठवड्यातून दोन-तीनदा आम्ही भावंडे तिची साखर तपासतो. उपाशीपोटी 120-125, जेवणानंतर दोन तासांनी 160-170. आम्ही निर्धास्त होतो.

मागच्या वर्षी ईदनंतर तीन महिन्यांची तपासणी, म्हणजे एचबीए1सी केली. आकडा आला 8.6. याचा अर्थ सरासरी साखर 200 च्या घरात! घरचे आकडे एक सांगत होते, रिपोर्ट दुसरेच. आम्ही लगेच निकाल दिला : अम्मी चोरून गोड खाते. मिठाईच्या डब्याला कुलूप लागले. "अल्लाहची कसम, बोटसुद्धा लावलं नाही," ती म्हणाली. आम्ही हसलो.

डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. पंधरा दिवसांनी फजरच्या वेळी वजू करता करता अम्मी भिंतीला धरून खाली बसली. घामाने चिंब, हात थरथरणारे. साखर 56. साखरपाणी पाजल्यावर ती सावरली. पण आमचे चित्त ठिकाणावर नव्हते.

मग आम्ही दुसऱ्या एका डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी सगळी फाइल चाळली आणि पहिला प्रश्न साखरेचा नव्हे, हिमोग्लोबिनचा विचारला. ते कोणी तपासलेच नव्हते. तपासले तर 8.2, आणि शरीरात लोह फार कमी. पाळीबद्दल विचारल्यावर अम्मीने आमच्याकडे पाहिले. भाऊ उठून बाहेर गेले, तेव्हा ती बोलली. वर्षभर पाळीत खूप रक्त जात होते.

डॉक्टर बाईंनी समजावले. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते. या पेशी साधारण 120 दिवस जगतात, म्हणून एचबीए1सीवरून दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. पण लोह कमी पडून रक्तक्षय झाला, की साखर न वाढताही हा आकडा वाढलेला दिसू शकतो. उलट पेशी लवकर नष्ट होणाऱ्या आजारात किंवा रक्त चढवल्यानंतर तो कमी दिसून फसवू शकतो.

त्यांनी गोळ्या पुन्हा पहिल्याइतक्या केल्या आणि तीन आठवड्यांनी फ्रुक्टोसामाईन ही तपासणी सांगितली. ती हिमोग्लोबिनवर अवलंबून नसते. रक्तातल्या प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेली साखर ती मोजते आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देते. मात्र आजारपणामुळे अल्ब्युमिन कमी झाले असेल, तर तिच्यावरही विसंबता येत नाही. अम्मीचा निकाल घरच्या आकड्यांशी जुळला : नियंत्रण सात टक्क्यांच्या आसपास.

रक्तस्रावावर इलाज झाला, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पाच महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.8 आणि एचबीए1सी 7.1. मधुमेहाची औषधे तीच, जेवण तेच. अल्हम्दुलिल्लाह.

एचबीए1सी ही तपासणी वाईट नाही. ती करायलाच हवी, आणि एका रिपोर्टवर शंका घेऊन औषध आपल्या मनाने बंदही करू नये. पण घरचे आकडे आणि रिपोर्ट यांचा मेळ बसत नसेल, तर मधुमेही माणसावर आळ घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे : हिमोग्लोबिन पाहिले का?

आम्ही अम्मीची माफी मागितली. ती एवढेच म्हणाली, "तुम्ही रोज साखर विचारत होता. माझी तब्येत कशी आहे, ते कोणी विचारलंच नाही."

अम्मी लपवत होती हे खरे, पण मिठाई नव्हे. आता डब्याचे कुलूप काढले आहे. रोज सकाळी आधी तिची तब्येत विचारतो, आकडा नंतर.