दऱ्या आणि दर्या

रोज सकाळी त्या यंत्राच्या पडद्यावर एकच तारीख उमटते : मंगळवार, १ जानेवारी १९८०. डॉस ह्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची कालगणना त्या दिवसापासून सुरू होते; तिच्या लेखी त्यापूर्वी काळ नव्हताच. ज्या संगणकाच्या पोटात कालची आठवण ठेवणारी बॅटरी उरलेली नाही, तो दर वेळी ह्या पहिल्या दिवशीच डोळे उघडतो. पुण्याच्या एका पेठेत, तळमजल्यावरच्या दीड खोलीत हे यंत्र बाळगून असलेले वृद्ध गृहस्थ ती तारीख वाचतात, तिच्या जागी आजची लिहितात आणि कामाला लागतात.

तारखेच्याही आधी एक विधी असतो. बॅटरीबरोबर यंत्राची आणखी एक आठवण गेली आहे : आपल्याच पोटातली हार्ड डिस्क केवढी, हे त्याला ठाऊक नसते. ते आकडे हाताने भरावे लागतात. ९७७ सिलिंडर, ५ हेड, १७ सेक्टर. त्यांचा गुणाकार करून दर सेक्टरची ५१२ अक्षरे धरली, की ४,२५,१९,०४० अक्षरे होतात; चाळीस एमबीची म्हणून एके काळी कौतुकाने विकत घेतलेली तबकडी ती हीच. हे आकडे भरले नाहीत, तर तबकडी जागच्या जागी असते, तिच्यावरचे अक्षरही पुसलेले नसते. फक्त यंत्राच्या लेखी ती नसतेच. आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवलेले आहेत, पण ते पाहण्याची वेळ त्या गृहस्थांवर येत नाही.

नवी बॅटरी बाहेरून जोडता येते. ते जोडत नाहीत. मूळची निकेल-कॅडमियमची बॅटरी मदरबोर्डवरच डाख देऊन बसवलेली होती. ती वयोमानाने पाझरली आणि तिच्यातल्या क्षाराने आसपासच्या तांब्याच्या रेषा खाल्ल्या. त्या काळातली कितीतरी यंत्रे वापरून झिजली नाहीत, कोपऱ्यात स्वस्थ पडली असताना अशी आतून कुरतडली गेली. तुटलेल्या रेषांवरून केसासारख्या तारा टाकून हा बोर्ड जगवला, तेव्हापासून त्याच्या जवळपास बॅटरी म्हणून येऊ द्यायची नाही, असा त्यांचा निश्चय आहे. ह्याला हट्ट म्हणता येईल. पण जुनी यंत्रे सांभाळणाऱ्यांच्या हट्टांना सहसा एखाद्या अपघाताचा आधार असतो.

ते मूळचे जुळारी. तरुणपणी खिळ्यांची केस समोर ठेवून उभ्याने अक्षरे जुळवली. पुढे शिसे गेले, फोटोवरची जुळणी आली, आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी छापखान्याच्या मालकांनी हा संगणक आणून त्यांच्यापुढे ठेवला. त्यात एक कार्ड बसवलेले होते. जिस्ट हे त्याचे नाव. कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले हे तंत्र. इंग्रजीखेरीज काही न कळणाऱ्या डॉसच्या पडद्यावर हे कार्ड देवनागरी उभी करत असे, तीही जोडाक्षरांसकट. एक कळ दाबली, की तोच मजकूर तेलुगू किंवा गुजराती लिपीत दिसे, कारण आत साठवलेली असत ती अक्षरांची रूपे नव्हेत, त्यांचे उच्चार. भारतीय लिप्यांसाठी ठरलेली ही ‘इस्की’ नावाची संकेतपद्धती १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या युनिकोडमधली देवनागरीची मांडणी तिच्याच १९८८च्या आराखड्यावर बेतलेली आहे. आयुष्यभर वेलांटी वेगळी आणि काना वेगळा उचललेल्या त्या हातांना, ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी द्यायची, ह्याचे प्रथम मोठे नवल वाटले होते. खिळ्यांच्या दुनियेत पहिली वेलांटी पहिलीच यायची.

छापखाना बंद झाला, यंत्र भंगारात निघाले, आणि जुळाऱ्यांनी ते थकलेल्या पगाराच्या हिशेबात मागून घेतले. तेव्हा ते का मागितले, हे त्यांना नीट सांगता येत नाही.

आज डॉस जिवंत ठेवण्यासाठी जुना संगणक लागतोच असे नाही. नव्या यंत्रात जुन्या यंत्राचे सोंग उभे करणारे एम्युलेटर आहेत. १९९४ साली सुरू झालेला फ्री-डॉस अजून चालू आहे. खुद्द मायक्रोसॉफ्टनेही डॉसच्या चौथ्या आवृत्तीचा मूळ मजकूर २०२४ साली सर्वांसाठी खुला केला. त्या चाळीस एमबीच्या तबकडीची संपूर्ण नक्कल जुळाऱ्यांनी नखाएवढ्या कार्डावर केव्हाच करून ठेवली आहे. पण सोंगाला खाच नसते. जिस्टचे कार्ड ज्या लांबट काळ्या खाचेत बसते, ती आजच्या संगणकांत नाही. आणि सव्वापाच इंची फ्लॉपीची पट्टी जोडायची जागाही नाही. हे दोन्ही हवे असेल तर १ जानेवारी १९८०ला जागे होणाऱ्या त्या यंत्राकडेच यावे लागते.

म्हणून ते जगवायचे. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात फेरी असते. तिथे फ्लॉपी ड्राइव्ह किलोच्या भावाने मिळतात. त्यांतून सुट्या भागांपुरते दोन-चार निवडायचे. ३६० केबीची तबकडी वाचायला चाळीस मागांचाच ड्राइव्ह बरा, कारण १.२ एमबीच्या ड्राइव्हचे हेड अरुंद असते, आणि त्याने कधी त्या तबकडीवर लिहिले, तर रुंद मागाच्या मध्ये एक बारीक माग उमटतो. मग जुन्या ड्राइव्हला जुने आणि नवे एकदमच ऐकू येते. ही गोष्ट जुळारी दोन माणसे एकाच वेळी बोलत असल्याच्या आविर्भावात समजावून सांगतात. हार्ड डिस्कचे दुखणे निराळे. तिचे हेड फिरत्या तबकडीवर मायक्रॉनच्या अंशाएवढ्या उंचीवरून तरंगते, आणि यंत्र फार दिवस बंद राहिले, की तबकडीला चिकटून बसते. अशी डिस्क हातात घेऊन मनगटाला एक झटका द्यायचा असतो. किती जोराचा, हे सांगता येत नाही. जास्त झाला तर संपलेच. ती सुटते तेव्हा आधी एक हलकी शीळ ऐकू येते, आणि जुळाऱ्यांचा चेहरा बाळाचे रडणे ऐकलेल्या सुइणीसारखा होतो.

ह्या वेडाला थोर साथीदार आहेत. आयबीएमने १९५६ साली सॅन होझे येथे बनवलेली रॅमॅकची डिस्क ही ह्या सर्व तबकड्यांची आदिमाता. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, टनाहून अधिक वजन, आणि एवढ्या संसारात मावणारी अक्षरे पन्नास लाख. त्या कुळातली एक डिस्क कॅलिफोर्नियातल्या निवृत्त अभियंत्यांनी अनेक वर्षे खपून पुन्हा फिरती केली आणि तिच्यावरची जुनी अक्षरे वाचली. ती आता माउंटन व्ह्यूच्या संगणक संग्रहालयात आहे. तिथे निदान काचेपलीकडे पाहणारे लोक येतात. पेठेतल्या दीड खोलीत येतात ती कामापुरती माणसे.

अशीच एकदा एक बाई बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात अकरा फ्लॉप्या होत्या. त्यांचे वडील शिक्षक. सोलापूरकडच्या शाळांत नोकरी करताना त्यांनी शेतीचे, विहिरीचे, गाड्याचे शब्द जमवले होते. मोट, नाडा, सोंदूर, थारोळे. मोटा गेल्या, तसे ते शब्दही जायला लागले होते. निवृत्तीनंतर त्यांनी हा कोश एका छापखान्यात जुळायला दिला. पैसे संपले, काम थांबले, आणि जुळलेला मजकूर ह्या डब्यात घरी परत आला. हस्तलिखिताच्या वह्या पुढे एका पावसाळ्यात भिजून गेल्या.

जुळाऱ्यांनी आधी काय केले असेल, तर प्रत्येक फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली. खाच झाकली, की तिच्यावर लिहिता येत नाही. हात चुकला तरी जुने पुसले जाणार नाही. मग एकेक तबकडी ड्राइव्हमध्ये गेली. पहिल्या चार सरळ वाचल्या. पाचवीला पडद्यावर तो प्रसिद्ध प्रश्न आला – अबॉर्ट, रिट्राय, फेल? ह्या यंत्राच्या कळफलकावरची ‘आर’ची कळ झिजून गुळगुळीत झालेली आहे. ती दाबली, की हेड टक्कन शून्याच्या मागावर परतते आणि नव्याने मोजत पुन्हा त्या जागी येते. कधी सहाव्या खेपेला वाचते, कधी चाळिसाव्या. बाई उठून चहा करून आल्या, तरी टकटक चालूच होती. संध्याकाळपर्यंत दहा तबकड्या उतरल्या. सातवी मात्र बाजूला ठेवली. तिच्यावर बुरशी होती.

उतरलेला मजकूर बाईंच्या ओळखीच्या एका तरुणाने आपल्या आज्ञावलीतून युनिकोडमध्ये आणला. काम क्षणात झाले, छापील कागद हातात आले, आणि आठच दिवसांत बाई परत आल्या.

“काका, वडिलांनी असं लिहिलं नसणार.”

‘सह्याद्रीच्या दर्या’ असे छापले होते. सह्याद्रीला दऱ्या असतात. दर्या त्याच्या पलीकडे, कोकण ओलांडल्यावर. पुढे पंगतीच्या नोंदीत ‘आचार्यांनी कढई उतरवल्यावर’ असे वाक्य होते. तरुणाच्या आज्ञावलीने ‘ऱ’ आणि ‘र’ एकच मानले होते, त्यामुळे चंद्रकोरीचा र जिथे तिथे रफार होऊन डोक्यावर जाऊन बसला. मराठीखेरीज थोड्याच भाषांना ह्या चंद्रकोरीचे अडते. चूक न कळती तर नवल नव्हते. पण मग प्रश्न असा, की कोशात कुठे चंद्रकोर होती आणि कुठे खरोखरीच रफार? दऱ्या आणि आचारी अर्थावरून ओळखता येतील. ज्या शब्दांचा अर्थच त्या कोशाशिवाय कोणी सांगणार नाही, त्यांचे काय?

जुळाऱ्यांनी यंत्र सुरू केले, आकडे भरले, तारीख बदलली. कार्डाने पडद्यावर ओळ आणली : दऱ्या. हिरव्या ठिपक्यांची, किंचित ओबडधोबड, पण चंद्रकोर जागच्या जागी. त्यानंतरचे पंधरा दिवस बाई छापील कागद वाचत बसायच्या आणि शंका आली, की जुळारी जुन्या पडद्यावर ती जागा काढून दाखवायचे. नक्कल नव्या यंत्रावर होती, नेटकी होती, तिच्या हव्या तेवढ्या प्रती निघाल्या असत्या. ती बरोबर आहे की नाही, हे मात्र ह्या यंत्राला विचारावे लागत होते. तरुणही येऊन बसू लागला. त्याने आज्ञावली सुधारली, आणि निघताना ते कार्ड पाहायला मागितले. जुळाऱ्यांनी ते खाचेतून काढून त्याच्या हातावर ठेवले, कडा धरून, जसे तान्हे मूल देतात तसे.

सातवी तबकडी शेवटी हाती घेतली. बुरशी लागलेली फ्लॉपी तशीच घातली, तर हेड घाण होते आणि तबकडीवर ओरखडा उठतो. तो उठला, की तिथली अक्षरे पावडर होऊन जातात. वरचे पाकीट कातरून आतली चकती काढली, ती शुद्ध पाण्याने आणि मग अल्कोहोलने हलक्या हाताने धुतली, सावलीत वाळवली, आणि एका चांगल्या फ्लॉपीचे पाकीट रिकामे करून त्यात घातली. ‘आर’ची कळ दिवसभर चालली. सगळे आले, एकाला एक लागून असलेले दोन सेक्टर आले नाहीत. तरुणाने तबकडीवरचे चुंबकीय चढउतारच जसेच्या तसे टिपणारे एक नवे छोटे साधन आणून पाहिले, पन्नास फेऱ्यांची सरासरी काढून पाहिली. त्या जागी काही उरलेले नव्हते.

दोन सेक्टर म्हणजे १,०२४ अक्षरे. त्यांच्या अलीकडची शेवटची ओळ अशी होती : ‘धाव – १. गाड्याच्या चाकावर बसवलेली लोखंडी पट्टी. २. मोटेच्या बैलांनी’. आणि पलीकडे मजकूर पुन्हा सुरू होत होता तो ‘धुरा’च्या मध्यात : ‘दोन शेतांमधली बांधाची पट्टी (वऱ्हाड)’.

जुळाऱ्यांनी आपल्या वहीत नोंद केली, हार्ड डिस्कचे हेड कडेला नेऊन ठेवायची आज्ञा दिली, आणि यंत्रावर जुन्या धोतराचे फडके पांघरले. बाई अजून बसून होत्या. त्यांनी कागदाच्या कोऱ्या बाजूवर ‘धाव’ आणि ‘धुरा’ ह्यांच्यामध्ये चार ओळींची जागा सोडली होती, आणि तीत पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहीत होत्या : धावडा? धिरडे? धुंधुरमास? प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह.