शिरोलीचे ऊन आणि मनगटावरचे घड्याळ

कोल्हापूरहून पंचगंगा ओलांडून महामार्गाने पुण्याच्या दिशेने निघाले की शिरोली औद्योगिक वसाहत लागते. येथील फाउंड्रींच्या भट्ट्यांत लोखंड वितळते. बाहेर रुंद रस्त्यांवर ऊन मोकळे पसरते. सकाळी फिरणाऱ्या ज्येष्ठांचे सौर घड्याळ याच उन्हावर बॅटरीची भर घालते.

मात्र उजेड तिला पोषक, तर उष्णता मारक. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर थकते. म्हणून घड्याळ उन्हात उभ्या मोटारीत वा भट्टीजवळ ठेवू नये. गार्मिनच्या ‘इन्स्टिंक्ट २ सोलर’चा अमर्याद चालण्याचा दावा रोज ३ तास ५०,००० लक्स उजेड गृहीत धरतो. आषाढातले ढग, लांब बाही आणि सतत चालू जीपीएस हे गणित मोडतात. तरीही घड्याळासाठी वृद्धांनी दुपारचे ऊन सोसू नये, चार्जर आहेच.

घरच्यांनी आठवड्यातून एकदा चार्ज पाहावा. वापर तोच असून तो पूर्वीपेक्षा लवकर उतरू लागला, तर बॅटरी वृद्ध झाली असे समजावे. पडल्याची सूचना देणारी बहुतेक घड्याळे जोडलेल्या मोबाईलवर विसंबतात. तेव्हा मोबाईलही चार्ज केलेला व सोबत असावा; आणि शक्यतो सोबतीला माणूसही.