रिकामा रकाना

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक कंटाळवाणं काम आलं. केनियन शिलिंग आणि युगांडन शिलिंग यांचे १९६० पासूनचे एकमेकांशी असलेले दर एका टेबलमध्ये बसवायचे. एखाद्या तारखेचा दर सापडला नाही, तर आदल्या दिवसाचा आकडा पुढे ओढायचा, ही आमची नेहमीची पद्धत. शनिवार-रविवार बाजार बंद असतो, तेव्हा शुक्रवारचाच दर चालतो. मी घरूनच काम करत होतो. उल्हासनगर कॅम्प २, गजानंद मार्केटजवळची गल्ली. खाली कापडाचे गठ्ठे उतरवणाऱ्यांची आरडाओरड आणि स्क्रीनवर नैरोबी-कंपाला.

आलेख काढला तर १९८७ च्या मे महिन्यात रेघ कड्यावरून पडावी तशी खाली आलेली. मला वाटलं, डेटा खराब आहे. पण खराब नव्हता. युगांडानं त्या महिन्यात चलनावरची दोन शून्यं पुसली होती. जुने १०० शिलिंग म्हणजे नवा १. मग मी त्याआधीचे सगळे आकडे शंभरानं भागले. कडा बराचसा बुजला, पण डाव्या टोकाला १९६६ च्या रकान्यात ०.०१ आलं. गणित बरोबर होतं. तरी त्या काळात या भावानं कोणीच व्यवहार केला नव्हता, कारण तेव्हा एका शिलिंगला एकच शिलिंग मिळत होता.

त्याच्याही आधी तर दोन चलनंच नव्हती. केनिया, युगांडा, टांझानिया मिळून एकच पूर्व आफ्रिकी शिलिंग. १९६६ मध्ये प्रत्येकानं आपापला काढला, सुरुवात बरोबरीनं केली आणि वाटा वेगळ्या झाल्या. आज एका केनियन शिलिंगला पंचवीसहून जास्त युगांडन शिलिंग पडतात, तेही दोन शून्यं पुसल्यावर.

आणखी मागे गेलो तर तिथे चक्क आपला रुपया निघाला. १९२० पर्यंत केनिया-युगांडात भारतीय रुपयाच चालायचा, १५ रुपयांना एक पौंड. पहिल्या महायुद्धानंतर चांदी महागली, रुपया चढला आणि १९२० मध्ये तिथला दर १० रुपयांना एक पौंड असा ठरवला गेला. ज्यानं १५० रुपये कर्ज घेतलं होतं, त्याचं देणं १० पौंडांवरून १५ पौंडांवर गेलं. नवा एक पैसाही उचललेला नसताना.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या दादांना हे सांगत होतो. दादा सिंधी, वय पंच्याऐंशीच्या पुढे, कापडाचं दुकान आता मुलगा बघतो. त्यांनी चहा संपवला, आत गेले आणि एक वही घेऊन आले. त्यांच्या वडिलांची, व्यापाऱ्यांच्या जुन्या सिंधी लिपीतली. मला त्यातलं अक्षरही लागत नव्हतं. दादांनी एका ओळीवर बोट ठेवलं. सक्करमधल्या एका मुसलमान मित्राकडून ५०० रुपये, व्याजाविना, १९४७.

"पुट, तू दर काढतोस ना? याचे आज किती होतात ते काढून दे."

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. कर्ज घेतलं तेव्हा रुपया एकच होता. पाकिस्तान झाल्यावरही काही काळ रिझर्व्ह बँकेच्याच नोटा तिकडे चालल्या, १९४८ च्या एप्रिलपासून पाकिस्तान सरकारचा छाप मारून. तोवर हे कुटुंब कराचीहून बोटीनं मुंबईला आणि तिथून कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकीत पोचलं होतं. याच छावणीचं १९४९ च्या ऑगस्टमध्ये उल्हासनगर असं नामकरण झालं.

पुढच्याच महिन्यात ब्रिटननं पौंडाचं अवमूल्यन केलं, पाठोपाठ भारतानं रुपयाचं. पाकिस्ताननं केलं नाही. त्यांच्या हिशेबानं १०० पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये. भारतानं तो दर मानलाच नाही. दोन्ही देशांतला व्यापार जवळजवळ ठप्प झाला आणि हा घोळ १९५१ च्या फेब्रुवारीत, भारतानं दर मान्य केल्यावर सुटला. १९५५ मध्ये पाकिस्ताननंही अवमूल्यन केलं आणि दोन्ही रुपये पुन्हा बरोबरीला आले.

"बाबूजींनी लोकलमध्ये गोळ्या विकून पाचशे जमवले होते," दादा म्हणाले. "पण तेव्हा तिकडचे सातशेवीस मागणार, इकडचे पाचशेच म्हणणार. पाठवायचे कसे? नंतर भाव जमला, तोपर्यंत मित्राचा पत्ता राहिला नव्हता."

मी कागदावर लिहून दाखवलं. १९४७ चे ५००. १९५० मध्ये पाकिस्तानच्या हिशेबानं ७२०. १९५५ मध्ये परत ५००. आणि आज भारताच्या एका रुपयाला तिकडचे तीनहून जास्त मिळतात, म्हणजे तिकडचे ५०० धरले तर इकडचे जेमतेम दीडशे.

दादांनी कागद लांब धरून वाचला. "दीडशे? एवढ्यात तर आपल्या दोघांचा नाश्ता होईल," म्हणाले, आणि हसले नाहीत. "बाबूजी मरेपर्यंत दर दिवाळीला वही बदलायचे. ही ओळ दरवेळी नव्या वहीत उतरवून घ्यायचे. पाचशे. ना सातशेवीस, ना दीडशे."

रात्री वर येऊन लॅपटॉप उघडला. १९६६ च्या आधीच्या सगळ्या तारखांना माझ्या कोडनं मुकाट ०.०१ भरून ठेवलं होतं. मी ते पुसलं, रकाने रिकामे ठेवले आणि शेजारी टीप लिहिली: या काळात चलन एकच होतं, दर नव्हता.

दुसऱ्या दिवशी रिव्ह्यूत प्रश्न आलाच, की हे रकाने रिकामे का? मी म्हटलं, रिकामेच बरोबर आहेत.