घुमारा किती हवा?

आमच्या फलटणात वरात असो की उरूस, बेंजो वाजू लागला की लाऊडस्पीकरवाल्याला कुणीतरी सांगतोच, "इको वाढव." घुमेल तितके गोड, अशी आपली समजूत आहे.

माझा भाचा बेंजो वाजवतो. सुपारी मिळाली तर घरात चार पैसे येतात. त्याला रिव्हर्बचे पेडल घ्यायचे होते. पैसे एकाच पेडलपुरते होते. "मामू, वरात, कव्वाली, घरचा रियाज, सगळ्याला चालेल असं कोणतं?" त्याने विचारले.

इको आणि रिव्हर्ब एक नव्हेत. विजापूरच्या गोलघुमटात एक टाळी पुन्हा पुन्हा सुटी ऐकू येते, तो इको. खोलीत भिंतींवरून परतणारे आवाज इतके जवळजवळ येतात की कान ते वेगळे करत नाही. मूळ सुरामागे शेपूट उरते. तो रिव्हर्ब, आपला घुमारा.

बेंजोला त्याची गरज आहे. जपानात १९१२ साली निघालेल्या ताइशोगोतोचे हे भारतीय रूप. पेटी लहान, तार छेडली की सूर लगेच विझतो. मिरजेच्या शिकलगारांनी तंबोऱ्याला भोपळा आणि जवारी देऊन जे साधले, ते इथे पेडलला करायचे आहे.

पण शेपूट लांबली की शब्द बुडतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात १८९५ साली आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत असे. व्याख्यान कुणाला कळेना. वॉलेस सबाइन यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून आत मांडल्या, तसा घुमारा ओसरला.

आम्ही मग हिशेब मांडला. वरात उघड्यावर असते, आवाज परतून येत नाही. तिथे 'प्लेट' बरी. घरच्या रियाजाला 'रूम' पुरे. संथ आलापीला 'हॉल' शोभतो. घुमटाखाली कव्वाली असेल तर वास्तूचाच घुमारा असतो, तिथे पेडल जवळजवळ बंद. म्हणून घुमाऱ्याची लांबी, त्याचे प्रमाण आणि टोन यांची बटणे वेगवेगळी हवीत. बेंजोला पिकअप असल्याने तो थेट जोडता येतो. गायकाचा माइक मात्र या पेडलमध्ये थेट लावू नये, त्याचा रिव्हर्ब मिक्सरवरून द्यावा.

दुकानात एकट्याने वाजवताना लांब घुमारा नेहमीच मोहात पाडतो. ढोलकी आणि गाणारा सोबत असले की खरे कळते. कव्वाली ऐकायला आलेला माणूस बोलांसाठी आलेला असतो. नातेतला एक शब्द त्याच्यापर्यंत पोहोचला नाही तर मागच्या गोडव्याचा उपयोग काय?

पेडलमध्ये किती प्रकार आहेत, यापेक्षा त्याचा घुमारा किती कमी करता येतो, हे आधी पाहावे. जे थोडक्यातही चांगले वाजते, तेच सगळीकडे चालते.