होकायंत्र

चित्रकथा वाचणें म्हणजे वेळ दवडणें, असा आमच्या घरीं पुष्कळ दिवस समज होता. तो दूर करावा या हेतूनें मीं एक जपानी चित्रकथा इंग्रजी अनुवादांत मिळविली आणि तींतील शास्त्र खरें कीं खोटें, हें तपासण्याचा चंग बांधला. त्या उद्योगांत मला जो धडा मिळाला, तो येथें सांगतों.

माकोतो युकिमुरा यांची ‘प्लानेतेस’ ही कथा १९९९ पासून २००४ पर्यंत जपानांतील ‘मॉर्निंग’ या साप्ताहिकांत प्रसिद्ध झाली. तिचा काळ २०७० नंतरचा. मोडके उपग्रह, यानांचे तुकडे, असा जो कचरा पृथ्वीभोंवतीं फिरत राहतो, तो वेंचणें हाच तींतील पात्रांचा धंदा. आरंभींच असा एक लहानसा तुकडा प्रवासी यानावर आदळतो आणि यूरी नांवाच्या प्रवाशाची पत्नी मरण पावते.

एवढ्याशा तुकड्यानें असा अनर्थ होईल काय? मीं गणित मांडलें. दहा ग्रॅमचा स्क्रू सेकंदास १० किलोमीटर वेगानें आदळला, तर त्याची गतिज ऊर्जा ५ लक्ष ज्यूल भरते. हजार किलो वजनाची मोटार ताशीं सुमारें ११४ किलोमीटर वेगानें धांवत असतां तिच्या ठायीं ऊर्जा असते ती एवढीच! १९८३ सालीं रंगाच्या एका कणानें ‘चॅलेंजर’ यानाच्या खिडकीच्या कांचेस खळगा पाडला होता, हेंही वाचनांत आलें. चित्रकार खरा ठरला.

परंतु मला तर त्याची चूक हवी होती. आणि ती सांपडली, असें वाटलें. यूरीच्या पत्नीजवळ एक लहानसें होकायंत्र होतें. अवकाशांत कसली आली उत्तर दिशा! मोठ्या ऐटीनें मीं तें पान आमच्या शास्त्रशिक्षकांस दाखविलें. ते हंसले आणि म्हणाले, “४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीचें चुंबकीय बळ किती उरतें, तेवढें काढून आण.” काढून पाहतों तों जमिनीवरील बळाच्या आठ-दशांशाहून अधिक! कित्येक उपग्रह याच बळाच्या आधारें आपली दिशा सांवरतात. चूक माझीच होती.

त्या रात्रीं आजी माझ्याजवळ येऊन बसली. तिला इंग्रजी येत नाहीं. ती केवळ चित्रें निरखीत होती. यूरीच्या मुद्रेवर बोट ठेवून तिनें विचारलें, “हा एवढें काय शोधतो रे?” मला उत्तर देतां येईना. दोनदां वाचूनही मीं तिकडे पाहिलेंच नव्हतें. पुन्हां पानें चाळलीं. तो कचरा वेंचीत होता, तो पत्नीचें तें होकायंत्र सांपडावें म्हणून; आणि तें सांपडतें, तेव्हां त्यावर तिनें कोरलेली प्रार्थना दिसते: यूरीचें रक्षण व्हावें, एवढीच.

मीं अर्थ सांगितला. आजी कांहीं बोलली नाहीं. तिच्या उशाशीं आजोबांचें बंद पडलेलें घड्याळ असतें. तें मीं रोज पाहतों. पण तें तेथें कां आहे, हें मला त्या रात्रीं प्रथम समजलें.

मित्रहो, शास्त्राची पारख अवश्य करावी, आणि तीही गणित मांडून करावी. मात्र दुसऱ्याची चूक शोधणारी दृष्टि दुसऱ्याचें दुःख पाहण्यास चुकूं नये, एवढें ध्यानांत असूं द्यावें.