मिटलेल्या पुस्तकासमोर

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मला भेटायला आला. हातात अर्थशास्त्राचे पुस्तक होते. "फादर, मी कॉलेज सोडतोय. रोज पाच-पाच तास वाचतो, तरी नापास होतो. माझं डोकंच चालत नाही."

पुस्तकाचे प्रत्येक पान पिवळ्या रेघांनी भरले होते. मी ते मिटले आणि म्हटले, "शेवटचा धडा मला समजावून सांग." दोन वाक्यांनंतर तो थांबला.

मला माझा सेमिनरीतील प्रसंग आठवला. ॲरिस्टॉटलची चार कारणे मी घोकून ठेवली होती. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी समोरच्या मेजाकडे बोट दाखवले आणि विचारले, "या मेजाची चार कारणे कोणती?" मी निरुत्तर झालो. शब्द पाठ होते, अर्थ उमगला नव्हता. आणि तो उमगलेला नाही, याचाही मला पत्ता नव्हता.

आपल्याला काय कळते व काय कळत नाही याच्या जाणिवेला मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी १९७० च्या दशकात 'मेटाकॉग्निशन' असे नाव दिले. २००६ साली रोडिगर व कार्पिके यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. उतारा एकदा वाचल्यावर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. दुसऱ्या प्रयोगात तर वारंवार वाचणाऱ्यांचाच आत्मविश्वास अधिक होता! ओळखीचे वाटणे म्हणजे येणे नव्हे.

झोपण्यापूर्वी आत्मपरीक्षण करण्याची सवय सेमिनरीने आम्हांला लावली होती. तीच दृष्टी अभ्यासाकडे वळवावी, हे मला त्या वेळी सुचले नाही. त्या तरुणाला मी एवढेच सांगितले : रोज धडा वाचून पुस्तक मीट, आठवेल ते लिही, मग पुस्तक उघडून राहिलेले शोध. दोन दिवसांनी तेच पुन्हा कर.

त्याचा एक विषय अद्याप राहिला आहे. पण त्याने कॉलेज सोडले नाही. परवा म्हणाला, "फादर, मला काय येत नाही ते आता मला कळतं."

पालकहो, "किती तास बसलास?" असे मुलांना आपण रोज विचारतो. "आज काय समजलं नाही?" असे एकदा विचारून पाहावे, आणि उत्तर ऐकून रागावू नये.