कोशांच्या वाटेने जर्मनीकडे

पुण्यात संस्कृताचे अध्ययन नेटाने करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आज ना उद्या जर्मन भाषेच्या दाराशी जाऊन उभे राहावेच लागते. माझ्यावर हा प्रसंग आला तो एका कोशामुळे. वैदिक शब्दांच्या अर्थच्छटांचा माग काढताना आधी आपट्यांचा कोश अपुरा पडू लागला, मग मोनिअर-विल्यम्सचाही पडू लागला, आणि तेव्हा माझ्या गुरुजींनी कपाटातून जे सात जाड खंड काढून माझ्यापुढे ठेवले, ते बोटलिंक आणि रोठ या दोन पंडितांनी १८५५ ते १८७५ या काळात सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीकडून प्रसिद्ध केलेल्या कोशाचे होते. शब्द संस्कृत, उतारे संस्कृत, आणि अर्थ तेवढे जर्मन. आपल्याच घरच्या विद्येचे दप्तर परक्या लिपीत बांधून ठेवलेले पाहावे आणि त्याची गाठ आपल्याला सोडवता येऊ नये, याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले. आणि त्याच आठवड्यात मी जर्मनच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातले.

वर्गात बहुतेक मंडळी यंत्रशास्त्राची होती. कोणाला चाकणच्या कारखान्यातून जर्मनीत पाठविणार होते, कोणाला तिकडे पुढील शिक्षण घ्यावयाचे होते. इंग्रजीच्या बळावर जर्मनकडे आलेल्या या हुशार मुलांना व्याकरणाची जी अंगे जाचक वाटत, ती मराठीत वाढलेल्या आणि पाणिनीशी थोडीबहुत ओळख असलेल्या माणसाला ओळखीची वाटतात, हा माझा त्या वर्गातील पहिला आणि अत्यंत सुखद अनुभव. लिंगे तीन आहेत म्हणून तक्रार करण्याचे मराठी माणसाला काय कारण? जर्मन सूर्य स्त्रीलिंगी आहे आणि चंद्र पुल्लिंगी, दार स्त्रीलिंगी आणि पुस्तक आपल्यासारखेच नपुंसकलिंगी, एवढे पाठ करावे लागते खरे. पण प्रत्येक निर्जीव वस्तूलाही लिंग असते ही कल्पनाच आपल्याला मुळात नवी नसते. विभक्ती चारच. एकवीस म्हणताना एक आधी आणि वीस नंतर, हाही क्रम आपलाच.

परंतु मला खरोखर हर्ष झाला तो उपसर्गांच्या धड्याने. जर्मनमध्ये कित्येक क्रियापदांचा उपसर्ग मुख्य वाक्यात धातूपासून सुटतो आणि मध्ये कर्म, काळ, स्थळ असे सगळे पसरून झाल्यावर अगदी शेवटी जाऊन बसतो. धातू ऐकून बांधलेला अर्थ त्या शेवटच्या अक्षराने पार पालटू शकतो, आणि वर्गातील मंडळी त्यामुळे हैराण होत. वेदांच्या भाषेत उपसर्ग असाच धातूपासून दूर राहू शकतो, आणि पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच अध्यायात छंदासाठी तशी मोकळीक नोंदवून ठेवली आहे. पुण्याच्या संध्याकाळी, फळ्यावरच्या एका साध्या वाक्यात, आगगाडी किती वाजता सुटते अशा व्यावहारिक वाक्यात, मंत्रांमध्ये पाहिलेली ती रचना जिवंत माणसांच्या रोजच्या बोलण्यात चालू आहे हे दिसले, तेव्हा मला इतका आनंद झाला की तास संपल्यावरही मी जागेवरच बसून राहिले. समासांचेही तेच. लांबलचक जर्मन सामासिक शब्दाचे लिंग त्याच्या अखेरच्या पदावरून ठरते. आणि तत्पुरुषाचे लिंग उत्तरपदाप्रमाणे असावे हा पाणिनीचा नियम तेथे जसाच्या तसा लागू पडतो. ज्याने दंडी-बाणांचे समास सोडविले आहेत, त्याने जर्मन शब्दांच्या लांबीला भिण्याचे काहीच कारण नाही.

पुढे काही वर्षांनी एका शिष्यवृत्तीमुळे गॉटिंगेनला राहण्याचा योग आला. हे गाव मी मागून घेतले होते, आणि त्याला कारण होते फ्रान्झ कीलहॉर्न. हा जर्मन पंडित १८६६ साली डेक्कन कॉलेजात आला, पुण्याच्या शास्त्र्यांपाशी बसून परंपरेने व्याकरण शिकला, नागोजीभट्टाच्या परिभाषेन्दुशेखरावर त्याने परिश्रम केले, आणि पतंजलीच्या महाभाष्याची जी तीन खंडांची आवृत्ती त्याने मुंबई संस्कृत ग्रंथमालेत काढली, ती अद्यापही अभ्यासकाच्या मेजावर असते. १८८१ साली पुणे सोडल्यावर तो गॉटिंगेनच्या विद्यापीठात अध्यापक म्हणून रुजू झाला आणि १९०८ साली तेथेच वारला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्मान्य डॉक्टरेट दिली तीही याच विद्यापीठाने, १८८५ साली. पुण्याच्या माणसाला तेथे अगदीच परके वाटू नये एवढी ही पूर्वपीठिका खास होती.

पोहोचल्यावर प्रथम नगरपालिकेच्या कचेरीत राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते. घरमालकाचा दाखला, पारपत्र, मुदतीचे कागद अशी सगळी रुजुवात झाल्यावर शिक्का बसतो, आणि त्या शिक्क्यावाचून बँक, विमा, ग्रंथालय यांपैकी काहीही पुढे सरकत नाही. वर्गात शिकलेल्या जर्मनची खरी परीक्षा ती होती. कचेरीतील कारकून मंडळी तुटक बोलत, पण मी चतुर्थी-द्वितीया सांभाळत वाक्य पुरे करीपर्यंत कोणी मध्येच इंग्रजीकडे वळले नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

ग्रंथालयाच्या जुन्या वास्तूत मी पुष्कळ बसत असे. याच ग्रंथालयात याकोब आणि विल्हेल्म हे ग्रिम बंधू १८३० पासून ग्रंथपाल होते. आपल्याकडे ते परीकथांमुळे ठाऊक आहेत. जर्मनांच्या दृष्टीने त्यांचे मोठे कार्य म्हणजे जर्मन भाषेचा कोश, आणि त्या कोशाचा जन्म एका हद्दपारीतून झाला आहे. हानोव्हरच्या नव्या राजाने १८३७ साली राज्यघटना रद्द केली, तेव्हा गॉटिंगेनच्या सात प्राध्यापकांनी, आम्ही या घटनेची शपथ घेतली आहे, ती आम्हांला मोडता येत नाही, अशी लेखी हरकत घेतली. सातही जण बडतर्फ झाले, आणि याकोब ग्रिमसह तिघांना तीन दिवसांत राज्याची हद्द सोडण्याचा हुकूम निघाला. पोटापाण्याची तजवीज उरलेली नाही अशा अवस्थेत, पुढल्या वर्षी, लाइपझिगच्या प्रकाशकांच्या विनंतीवरून दोघा भावांनी कोशाचे काम पत्करले. पहिला खंड १८५४ साली निघाला. विल्हेल्म चौथे अक्षर पुरे करून गेला. याकोब १८६३ साली वारला तेव्हा तो सहाव्या अक्षरात, ‘फळ’ या अर्थाच्या शब्दावर काम करीत होता. त्यानंतर विद्वानांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी ते काम चालविले. दोन महायुद्धे झाली, देशाची दोन शकले झाली, तरी पूर्व बर्लिन आणि गॉटिंगेन या दोन्ही बाजूंच्या कार्यालयांनी अक्षरे वाटून घेऊन ते पुढे नेले, आणि १९६१ साली बत्तिसावा ग्रंथ छापून झाला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली.

हे ग्रंथ ओळीने मांडलेले पाहताना मला डेक्कन कॉलेजचा कोशविभाग आठवल्यावाचून राहत नसे. तेथे १९४८ साली ऐतिहासिक तत्त्वावरील संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले, लाखो चिठ्ठ्या खणांत वर्णानुक्रमे लागल्या, खंडामागून खंड निघाले, आणि तरी काम अद्याप पहिल्या स्वराच्याच पोटात आहे. याविषयी आपल्याकडे कुचेष्टेने बोलणारे मी पुष्कळ ऐकले आहेत. गॉटिंगेनमध्ये मी ही हकीकत सांगितली तेव्हा कोणी हसले नाही. चिठ्ठ्या कोणत्या कागदावर आहेत, वाळवीपासून त्यांचा बचाव कसा करता, नव्या माणसांना कोण शिकवतो, असेच प्रश्न आले. आपल्या हयातीत पुरे न होणारे काम हाती घेण्यात काही विचित्र आहे असे त्या समाजाला वाटत नाही, आणि जर्मन संस्कृतीतील जे मला सर्वांत आदरणीय वाटले ते हेच.

राहण्यास मी एका वृद्ध विधवाबाईंच्या घरी होते. संध्याकाळचे जेवण तेथे थंड असे. लाकडी पाटीवर राय नावाच्या धान्याची काळपट पाव-भाकर, लोणी, चीज आणि काकडीचे आंबट लोणचे. रविवारी दुकाने बंद, आणि खिळा ठोकण्याचासुद्धा आवाज शेजाऱ्याला जाऊ द्यावयाचा नाही. बाई माझ्याशी अनेक महिने आदरार्थीच बोलत; एकेरीवर येण्याचा प्रस्ताव वडीलधाऱ्याने करावयाचा असतो, आणि तो त्यांनी नाताळानंतर रीतसर केला.

तो नाताळ मला विसरता येत नाही. बाईंचे मूळ घर सायलेशियात, आज पोलंडमध्ये असलेल्या प्रांतात. महायुद्धानंतर तेथून घालविल्या गेलेल्या लाखो जर्मनांबरोबर त्या लहानपणी आईचे बोट धरून निघाल्या आणि गॉटिंगेनच्या दक्षिणेस असलेल्या फ्रीडलांडच्या छावणीतून या बाजूला आल्या. ब्रिटिशांनी सप्टेंबर १९४५ मध्ये उघडलेल्या त्या छावणीतून पुढल्या दशकांत चाळीस लाखांवर माणसे गेली. आईने बरोबर आणलेल्या थोडक्या वस्तूंत पाककृतींची एक वही होती, आणि ती जुन्या टोकदार जर्मन वळणात लिहिलेली होती. ते वळण १९४१ साली सरकारी फर्मानाने शाळांतून गेले, त्यामुळे बाईंच्या पिढीला ते शिकविलेच गेले नाही. आईची वही लेकीला अक्षरे लावीत लावीत वाचावी लागे, आणि आता तर दृष्टीही मंद झाली होती. ग्रंथालयातील हस्तलिखितांसाठी मी ते वळण शिकले होते. आजोबांच्या मोडी दप्तरावर पोसलेल्या डोळ्यांना ते फारसे जड गेले नाही. आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी, हिरव्या चक्रावरील चारही मेणबत्त्या लावल्यावर, मी ती वही त्यांना पहिल्या पानापासून वाचून दाखविली.

त्यात नाताळच्या आदल्या संध्याकाळचे एक सायलेशियन पक्वान्न होते: वाटलेली खसखस दुधात शिजवावयाची, तीत बेदाणे, बदाम आणि साखर घालावयाची, आणि पावाच्या कापांवर थर देऊन रात्रभर थंडीत ठेवावयाचे. दळलेल्या खसखशीचा तो वास स्वयंपाकघरात भरला तेव्हा मी त्यांना अनारशांविषयी सांगितले. आईने एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिले होते की यंदा बदाम मिळाले नाहीत. ते वाचून झाल्यावर बाई बराच वेळ बोलल्या नाहीत, आणि मग त्या काळाविषयी, जे त्यांनी आजवर मला सांगितले नव्हते, ते सांगू लागल्या. सांगताना त्यांनी एक गोष्ट मात्र आवर्जून बजावली: आमच्यावर जे गुदरले ते, आम्ही आधी दुसऱ्यांवर जे गुदरविले त्याच्या मागाहून आले, हा क्रम कधी उलटा सांगू नकोस.

हा क्रम गॉटिंगेनमध्ये पदोपदी भेटतो. जेथे १८३७ साली सात माणसे उभी राहिली, त्याच विद्यापीठातून १९३३ च्या वसंतात एमी नोएथर, माक्स बोर्न, रिखार्ड कूरान्ट यांच्यासारख्यांना ज्यू म्हणून दूर करण्यात आले. नोबेल पारितोषिक मिळविलेल्या जेम्स फ्रांक यांनी निषेधार्थ जाहीरपणे राजीनामा दिला, तर त्यांच्या बाजूने उभे राहण्याऐवजी विद्यापीठातील कित्येक अध्यापकांनी सह्या करून त्यांच्याच कृत्याची निर्भर्त्सना केली. १० मे रोजी येथेही ग्रंथांची होळी झाली. नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळलेल्या सिनगॉगच्या जागी आज पोलादी नळ्यांचे एक स्मारक आहे, आणि गावातल्या फरसबंदीत पितळी पत्र्याचे लहान दगड बसविलेले आहेत, ज्यांवर तेथे राहणाऱ्या आणि तेथून नेल्या गेलेल्या एकेका माणसाचे नाव, जन्मसाल आणि अंत कोरलेला आहे. मी दररोज ग्रंथालयात जाताना असे दगड ओलांडीत असे. ज्या विद्वत्तेने माझ्या संस्कृताची एवढी सेवा केली ती माणसाला माणुसकी आपोआप शिकवीत नाही, हे मला त्या नावांनी शिकविले, आणि जर्मनांनी ते स्वतःच्या दाराशी कोरून ठेवले याचे मोल मला त्यांच्या कोणत्याही कोशाइतकेच थोर वाटते.

परत आल्यापासून मी संस्कृताच्या विद्यार्थ्यांना एकच गोष्ट सांगत आले आहे, आणि येथेही तीच सांगते. गेल्डनेरचा ऋग्वेदाचा अनुवाद, ओल्डेनबेर्गची ऋग्वेदावरील टिपणे, वाकरनागेलचे व्याकरण, बोटलिंकची अष्टाध्यायी, हे सगळे जर्मनमध्ये आहे. पुण्यात जर्मन वर्ग आहेत, शिक्षक उत्तम आहेत. त्या वर्गांत यंत्रशास्त्राचे विद्यार्थी भरपूर दिसतात आणि संस्कृताचा एखादाही दिसत नाही. दुसऱ्याने केलेल्या इंग्रजी सारांशावर विसंबून राहू नका. एम.ए.च्या पहिल्याच वर्षी नाव घाला. मराठी आणि पाणिनी बरोबर असताना नेमाने दोन-तीन वर्षे अभ्यास केलात, तर पीटर्सबर्गचा कोश तुम्हांला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईल.